इंजिनाचा ठोका : ऐकावा कसा?



या व्याखानमालेच्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकले, अर्थकारण ऐकले, परवा तर हिमालयाच्या चढाईचे वर्णनही ऐकले. त्या पंक्तीत मोटारीच्या इंजिनातली ठकठक घेऊन उभे राहावयाचे म्हणजे थोडा संकोच वाटतोच. संयोजकांना आम्ही विषय लिहून पाठवला तेव्हा त्यांनी फोन करून विचारले, "हे थट्टेने तर लिहिले नाही ना?" थट्टेने लिहिले नव्हते. आम्ही पेशाने शाळामास्तर, मिस्त्री नव्हे. परंतु घरच्या मोटारीची दुरुस्ती घरीच करण्याची हौस आम्हाला व आमच्या धाकट्या बंधूंना पुष्कळ वर्षांची आहे, आणि त्या हौसेने एकदा आम्हाला असे काही अडचणीत आणले की त्यातून जे शिकलो ते चार माणसांपुढे मांडावे असे वाटले.

मौज अशी की, दुरुस्ती करण्यापूर्वी येणारा आवाज आणि दुरुस्तीनंतर येणारा आवाज यांत मोठा फरक आहे. पहिला आवाज गाडीचा असतो. दुसरा बहुधा आपला असतो. पण ही गोष्ट आपल्या मनाला चटकन पटत नाही. आपण हेड उतरवून पुन्हा बसवतो, गाडी सुरू होते, आणि दोन दिवसांनी टकटक ऐकू आली की आपण म्हणतो, "जुनी गाडी, काहीतरी झिजले असेल." आपल्या हाताने काही चुकले असेल, हा विचार सर्वांत शेवटी येतो.

आता आवाज ऐकावयाचा म्हणजे काय? 1816 साली पॅरिसमधल्या नेकेर रुग्णालयात लेनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी करून तिचे एक टोक रोग्याच्या छातीवर व दुसरे आपल्या कानाला लावले; त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप निघाला. आमचे मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे पाते इंजिनावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावतात, ती युक्ती तीच. याची गरज का पडते, तर हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, आणि पोलादात सुमारे पाच हजार मीटर. म्हणजे पुढच्या टोकाला झालेला ठोका सगळ्या लोखंडातून क्षणार्धात पसरतो आणि इंजिनाच्या प्रत्येक भिंतीतून बाहेर पडतो. बोनेट उघडून नुसत्या कानाने ऐकणाऱ्याला तो सगळीकडूनच येतो आहे असे वाटते. स्क्रू-ड्रायव्हर एका जागी टेकवून, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या जागी टेकवून कुठे तो सर्वांत कडक आहे ते पाहावे लागते. हे करताना उपरण्याचे टोक, साडीचा पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी सांभाळावी. फिरत्या पंख्याला माणूस कळत नाही. आणि दार लावलेल्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवून कान लावून बसू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणूस मरतो.

जागेनंतर ताल. हा भाग गणिताचा आहे, पण सोपा आहे. जागेवर उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला समजा सहाशे फेऱ्या घेते. म्हणजे सेकंदाला दहा. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. तेव्हा एखादे टॅपेट सैल असेल तर त्याची टिकटिक सेकंदाला पाच वेळा होईल. क्रँकबरोबर फिरणाऱ्या वस्तूचा ठोका दहा वेळा होईल. पाच टिचक्या कान मोजू शकतो, निदान त्यांचा ताल तरी धरू शकतो. दहांची मात्र घरघर होते. तबल्याची सवय असलेल्या माणसाला हे आमच्यापेक्षा लवकर उमगते, असा आमचा अनुभव आहे. आणि ठोका जर तालातच नसेल, मध्येच दोन जलद, मध्येच एक गाळलेला, तर तो व्हॉल्व्हचा नव्हे आणि बहुधा स्फोटाचाही नव्हे. काहीतरी सैल आहे आणि ते आपल्या लहरीने आपटते आहे.

ही शेवटची गोष्ट आम्हाला तेव्हा ठाऊक असती तर बरे झाले असते.

आमच्याकडची गाडी अँबेसेडर. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने 1957 च्या सुमारास ही गाडी काढली आणि 2014 च्या मे महिन्यात तिचे उत्पादन बंद झाले. आमची गाडी सत्तरीच्या दशकातली, वडिलांनी जुनीच घेतलेली. तिचे इंजिन मूळच्या ब्रिटिश नमुन्याचे, 1489 घनसेंटिमीटरचे. अवजड, ठोकळेबाज, पण घरच्या माणसाला समजेल असे. बोनेटखाली हात घालायला जागा एवढी की लहान मूल आत बसेल. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. गाडीवर त्यांचा जीव होता, हे सांगितल्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही.

2009 च्या दिवाळीआधी गाडीखालच्या फरशीवर तेलाचे थेंब पडू लागले. पुढच्या बाजूला, क्रँकच्या पुलीमागे टायमिंगच्या साखळीचे झाकण असते; त्याचे ऑईल सील गेले होते. आम्ही दोघा भावांनी दोन रविवार घातले. रेडिएटर उतरवला, पट्टा काढला, पुली ओढून काढली, झाकण उघडले, नवे सील ठोकले, सगळे परत बसवले. पुली ज्या मोठ्या नटाने क्रँकवर धरलेली असते, त्यालाच पूर्वी हँडल अडकवून गाडी सुरू करीत. त्या नटाखाली पातळ पत्र्याची एक चकती असते आणि तिचा कान वळवून नटाच्या कडेवर बसवावयाचा असतो, म्हणजे नट मागे फिरत नाही. जुन्या चकतीचा कान सरळ करताना तुटला. बंधू म्हणाले, "नवी उद्या आणू." उद्या शाळा होती. नट आवळताना पाना ओढला की सगळे इंजिनच फिरे. खरे म्हणजे गाडी गिअरमध्ये टाकून एकाने ब्रेकवर पाय ठेवावयास हवा होता. आम्ही ते केले नाही. इंजिन फिरू लागले म्हणजे नट आवळला गेला, असे आम्ही धरून चाललो. थेंब थांबले. आम्हाला फार आनंद झाला.

महिन्याभराने एका सकाळी गाडी सुरू केली आणि अण्णा ओसरीवरून म्हणाले, "आवाज बदललाय." आम्हाला काहीच ऐकू आले नव्हते. आठ दिवसांनी मात्र कोणालाही ऐकू येईल असा खोल ठोका येऊ लागला, ठक, ठकठक, ठक. खालून, पुढून, जड वस्तू आपटल्यासारखा.

आम्ही टॅपेटपासून आरंभ केला. कारण टॅपेट आम्हाला येत होती. ज्यांना घरी हे करावयाचे असेल त्यांच्यासाठी एक उपयुक्त गोष्ट सांगतो. चार सिलिंडरच्या या इंजिनात आठ व्हॉल्व्ह ओळीने असतात. त्यांतला एक पूर्ण उघडा झाला की त्याचा क्रमांक नवातून वजा करावा. जो क्रमांक उरेल त्या व्हॉल्व्हची फट त्या वेळी मोजावयाची. आठवा उघडा तर पहिल्याची, तिसरा उघडा तर सहाव्याची. नवांचा हा हिशोब डोक्यात ठेवला की चूक होत नाही. फट पंधरा हजारांश इंचाची, म्हणजे अडतीस शतांश मिलिमीटरची. आमच्या आठही फटी बरोबर निघाल्या. शिवाय टॅपेटची टिकटिक वरून येते, शिवणयंत्रासारखी असते. आमचा आवाज त्या जातीचा नव्हताच. पण माणूस हरवलेली किल्ली जिथे उजेड आहे तिथे शोधतो, तसे आमचे झाले.

मग आम्ही मिस्त्रींकडे गेलो. गावातले जुने, नावाजलेले मिस्त्री. त्यांचे नाव येथे घेत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. त्यांनी विचारले, "काय काम केलं होतं का गाडीचं?" आणि आम्ही, शाळेत मुलांना खरे बोलावे असे शिकवणारे दोघे भाऊ, म्हणालो, "नाही, विशेष काही नाही." का म्हणालो? चकतीची आठवण होती. किंबहुना होती म्हणूनच म्हणालो. त्यांनी गज टेकवून ऐकले. ठोका इंजिनाच्या पुढच्या खालच्या भागात कडक लागत होता. ते म्हणाले, "मेन बेअरिंग वाजतंय. इंजिन उतरवावं लागेल, क्रँक घासून घ्यावी लागेल." खर्च वीस-पंचवीस हजारांचा. जे त्यांना सांगितले होते त्यावरून हे निदान अगदी वाजवी होते. पुढचे मेन बेअरिंग आणि पुली यांच्यात फारसे अंतर नसते; एकाचा ठोका दुसऱ्याचा वाटणे सहज शक्य आहे.

घरी येऊन आम्ही हे अण्णांना सांगितले, आणि एवढा खर्च जुन्या गाडीवर करण्यापेक्षा ती विकावी, असेही हळूच सुचवले. अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "काय काय उघडलं होतंत रे तुम्ही?" आम्ही सील सांगितले. "आणि ते मिस्त्रीला सांगितलंत?" आम्ही गप्प. तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरला काय खाल्लं ते सांगायचं नाही, आणि पोट का दुखतं ते विचारायचं!"

दुसऱ्या दिवशी वहीचे पान घेऊन आम्ही लिहून काढले : काय काय सोडले, कोणत्या क्रमाने, काय नवे घातले, काय जुनेच बसवले, काय उरले. दुरुस्तीनंतरच्या आवाजासाठी याहून चांगले साधन आम्हाला माहीत नाही, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पान लिहून होईतो आम्हा दोघांनाही उत्तर कळले होते, असे आज वाटते. पण कळणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. म्हणून एकेक चाचणी घेतली.

पहिली, करंट तोडण्याची. रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून बाजूला धरावयाची. त्या सिलिंडरात स्फोट होत नाही, त्या दट्ट्याच्या दांड्याच्या बेअरिंगवरचा भार उतरतो, आणि तेच बेअरिंग वाजत असेल तर ठोका एकदम मऊ होतो. आमचा ठोका चारांपैकी कोणत्याही वायरीने बदलला नाही. दांड्याचे बेअरिंग सुटले. मेन बेअरिंग मात्र यातून सुटत नाही, कारण त्याचा ठोका एक वायर काढून फारसा हलत नाही. (अलीकडच्या गाड्यांवर हा प्रयोग करू नये. न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.)

दुसरी चाचणी भाराची. मेन बेअरिंग झिजले असेल तर चढावर, भार पडताच ठोका वाढतो. आम्हाला आठवले की त्याच आठवड्यात पुण्याहून परतताना खंबाटकीचा घाट चढताना गाडी निमूट होती. वाजत होती ती टोलनाक्यावर उभी असताना. तिसरी, तेलाच्या दाबाची. मापक उसने आणून लावले. बेअरिंग सैल झाले की फटीतून तेल निसटते आणि गरम इंजिनाचा दाब पडतो. आमचा दाब उत्तम.

चौथी चाचणी फॅनबेल्ट काढण्याची. पट्टा काढून इंजिन जेमतेम मिनिटभर चालवावयाचे. जास्त नाही, कारण पाण्याचा पंप बंद असतो. पट्टा काढताच ठोक्याची चालच बदलली : मघा खोल होता तो आता मोकळा खुळखुळाट झाला. इंजिन बंद करून बंधूंनी पुली दोन्ही हातांनी धरून हलवली. ती हलली. पुलीच्या मधल्या भोकाशी, किल्लीच्या खाचेजवळ तांबडी भुकटी साचली होती, गेरूसारखी. दोन लोखंडे एकमेकांवर सूक्ष्म घासत राहिली की अशी भुकटी सुटते. नट हाताने फिरला.

श्रोतेहो, ती भुकटी पाहून आमचे पाय लटपटले, ते चूक कळली म्हणून नव्हे. पुलीची खाच पसरली होती, किल्लीच्या कडा गोल झाल्या होत्या. पुली आणि किल्ली बाजारात मिळते. पण तीच झीज क्रँकच्या नाकावरच्या खाचेत झाली असती तर क्रँकच निकामी. आणि त्याआधी किल्ली तुटून पट्टा थांबला असता तर पंप थांबून घाटात इंजिन उकळले असते. आम्ही त्या गाडीतून आईअण्णांना घेऊन पुण्याला जाऊन आलो होतो. क्रँकची खाच भिंगाने पाहिली, शाबूत होती.

नवी पुली, नवी किल्ली, नवी चकती आणली. गाडी गिअरमध्ये टाकली, बंधू ब्रेकवर बसले, नट आवळला, कान वळवला. ठोका गेला. संध्याकाळी आम्ही मिस्त्रींकडे जाऊन सगळे सांगितले. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "मास्तर, हे आधी सांगायचं न्हाई व्हय? मी काय देव हाय का?" मग त्यांनी चहा मागवला आणि त्यांच्या उमेदवारीच्या काळात त्यांनी स्वतः इंजिनात विसरलेल्या एका वस्तूची हकीकत सांगितली. ती सांगू नका असे त्यांचे सांगणे आहे.

आता बाकीच्या आवाजांविषयी थोडक्यात, कारण घड्याळ दिसते आहे. प्लग बदलल्यावर फस्-फस् येऊ लागली तर एखादा प्लग सैल राहिला आहे. तो पुढे उडूनही जातो. सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डचे पॅकिंग नीट बसले नाही तर टॅपेटसारखीच टिकटिक येते आणि भल्याभल्यांना फसवते. मात्र ती थंड इंजिनात मोठी असते व लोखंड तापून फुगले की कमी होते, शिवाय भोवती काजळी धरते. पाण्याचा पंप बदलल्यावर खरखर आली तर प्रथम पंखा कशाला घासतो का ते पाहावे. पट्टा किंचाळत असेल तर त्यावर थोडे पाणी शिंपडावे. क्षणभर आवाज बदलला की दोष पट्ट्याचा किंवा त्याच्या ताणाचा. नव्या गाड्यांत हवेच्या गाळणीची पेटी नीट मिटली नाही म्हणजे सूं-सूं येते, आणि खालचा प्लास्टिकचा पत्रा एका खिळीवाचून फडफडतो. याला इंजिन उघडू नये. टायमिंगचा रबरी पट्टा मात्र घरी बदललाच असेल आणि त्यानंतर कोणताही नवा आवाज आला, तर गाडी तत्काळ बंद करावी. पुष्कळ इंजिनांत तो एक-दोन दाते चुकला की दट्टे व्हॉल्व्हवर आपटतात.

डिस्ट्रिब्यूटर सोडून परत बसवणाऱ्यांनी आणखी एक आवाज ओळखावा. चढावर पाय दाबला की डबीत खडे हलवल्यासारखी खडखड येते. ठिणगी फार लवकर पडते आणि पेट्रोल वेडेवाकडे पेटते, त्याचा हा आवाज. पूर्वी हा टाळण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे द्रव्य घालीत. 1921 साली अमेरिकेत मिजली याने त्याचा गुण शोधला, आणि त्या शिशाने जगाची हवा इतकी नासली की आपल्याकडे 2000 सालापासून ते देशभर बंद झाले. अल्जीरियाने 2021 मध्ये बंद केले तेव्हा मोटारींच्या बाबतीत जगातून गेले. शंभर वर्षे लागली. आताच्या इंजिनात ही खडखड ऐकण्यासाठी एक स्फटिकाचा कान बसवलेलाच असतो. तो ऐकतो आणि संगणक ठिणगी मागे घेतो. आपल्याला कळतसुद्धा नाही. जुन्या इंजिनात कान आपलाच.

कान आमचा फारसा तीक्ष्ण नाही, हे आपण ऐकलेच. तो अण्णांचा होता. अण्णा 2016 साली गेले. गाडी आहे, रविवारी सुरू होते. ज्या तेलाच्या थेंबापायी हे सारे रामायण झाले, तो थेंब वर्षभराने पुन्हा पडू लागला आणि आजही पडतो. आम्ही त्याखाली पत्र्याची एक ताटली ठेवली आहे.

अध्यक्षांची परवानगी असेल तर कोणाला आपल्या गाडीच्या आवाजाविषयी काही विचारावयाचे असल्यास विचारावे. मात्र प्रथम सांगावे, आपण काय उघडले होते ते.